गेले, निघून गेले, जावं लागलं

इंग्रजी शिकताना आमच्या पिढीला ज्या जोडशब्दांनी छळलं, त्यात 'एमिग्रंट' आणि 'इमिग्रंट' ही जोडी होती. उच्चार जवळजवळ एकच, अर्थही वरवर तोच. परभणीला शाळेत असताना सर सांगायचे, 'ई' म्हणजे एक्झिट आणि 'आय' म्हणजे इन, एवढं लक्षात ठेवा, मार्क जात नाहीत. युक्ती चांगलीच होती. लॅटिनमध्ये 'मिग्रारे' म्हणजे जागा बदलणे. त्याला बाहेर जाण्याचा उपसर्ग लागला की एमिग्रंट, आत येण्याचा लागला की इमिग्रंट. म्हणजे माणूस एकच. त्याला सोडायला जे स्टेशनवर आले त्यांच्यासाठी तो एमिग्रंट, आणि जिथे तो उतरला तिथल्यांसाठी इमिग्रंट.

गंमत म्हणजे हा घोळ सरकारही घालतं. आपल्याकडे दहावी न झालेला माणूस आखाती देशात मजुरीला निघाला की त्याला 'एमिग्रेशन'ची परवानगी लागते. १९८३ च्या कायद्यात तसं आहे, पासपोर्टवर त्याची नोंद असते. आणि तोच माणूस विमानतळावर पोचला की 'इमिग्रेशन' लिहिलेल्या खिडकीपुढे उभा राहतो. जातोय तर तो बाहेर! एकाच सकाळी दोन शब्द.

पण मला आज लिहायचंय ते व्याकरणाबद्दल नाही. भाची सध्या परदेशात शिकते आणि तिला घराण्याच्या इतिहासावर एक टिपण लिहायचं होतं. तिने विचारलं, "मामा, १९४८ मध्ये पणजोबा गाव सोडून गेले ना, मग त्यांना काय लिहू? मायग्रंट, रेफ्युजी की डिस्प्लेस्ड?" फोनवर उत्तर देता येईल असं वाटलं होतं. दोन आठवडे झाले तरी ते संपलं नाही, म्हणून इथे लिहून काढतोय. घरातले बरेच जण हे वाचतात, त्यांच्यासाठीही.

आधी आपला मुलूख. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आजूबाजूचे लोक आपल्याला 'मोगलाईतले' म्हणायचे. तेव्हाचा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. हिंगोली त्यातच होती, ती १ मे १९९९ ला वेगळी झाली. उत्तरेला वऱ्हाड, म्हणजे आधी इंग्रजी अंमल आणि ऑगस्ट १९४७ नंतर स्वतंत्र भारत. हिंगोलीच्या अंगाला दोघांच्या मध्ये पैनगंगा. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून पार करता येईल अशी नदी.

मोगलाईने आपल्याला या विषयावरचे बरेच शब्द दिले. 'परागंदा' फारसीतला, मूळ अर्थ विखुरलेला. 'बेचिराख'ही तिथलाच. बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा नाही. आपण हा शब्द आता आग लागून राख झालेल्या गोष्टीसाठी वापरतो, कारण कानाला त्यात 'राख' ऐकू येते. पण जुन्या महसुली याद्यांत बेचिराख गाव म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे, शिवार आहे, पण राहायला कुणीच नाही असं गाव. जाळलेलं असेलच असं नाही. माणसं उठून गेली, संध्याकाळी दिवा लावायला कुणी उरलं नाही, एवढंच. गाव सोडून जाण्याबद्दलचा हा शब्द मला फार आवडतो, कारण तो मागे राहिलेल्या जागेकडे बघतो.

आणि तिसरा शब्द 'मुलकी'. आज आपण 'मुलकी आणि लष्करी' असं म्हणतो त्यातला नव्हे. हैदराबाद संस्थानात मुलकी म्हणजे इथला, मुलखातला. गैरमुलकी म्हणजे बाहेरून आलेला. सरकारी नोकरी मुलकी माणसालाच, असा नियम १९१९ पासून लागू होता. मग पुण्याहून किंवा उत्तर हिंदुस्थानातून आलेल्याने मुलकी व्हायचं कसं? त्याचीही सोय होती. संस्थानात किमान १५ वर्षं कायमचं राहायचं आणि मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करायचं, की आपण मूळ ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडून दिला आहे.

हे वाचल्यावर मी थोडा वेळ थांबलोच. सर जे 'ई' आणि 'आय' सांगत होते, त्याच्या पलीकडची गोष्ट निजामाच्या कारकुनाने बरोबर धरली होती. इमिग्रंट कोण? नुसता आलेला नव्हे. परत जायचा विचार ज्याने सोडला तो. मनातली गोष्ट आणि तिच्यावर सरकारी शिक्का! पुढे संस्थान भारतात आल्यावर बाहेरचे अधिकारी आणि मास्तर भराभर आले, आणि १९५२ मध्ये 'गैरमुलकी परत जा' म्हणत हैदराबाद आणि वरंगळला विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसं गेली. १९५६ ला मराठवाडा त्या राज्यातून निघाला, पण तेलंगणात हा वाद १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शब्दावरून माणसं मरतात ती अशी.

आता पणजोबांकडे येतो. म्हणजे भाचीचे पणजोबा, माझे आजोबा.

१५ ऑगस्ट १९४७ ला हैदराबाद भारतात आलं नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला, दुसरीकडे कासिम रझवीच्या रझाकारांचा जोर वाढला. सीमेपलीकडे भारताच्या हद्दीत कॅम्प उभे राहिले. आपल्या भागातल्या लोकांना उमरखेडचा कॅम्प माहीत आहे. खेड्यापाड्यांतून माणसं उठून वऱ्हाडात जायला लागली. आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं. आजोबांनी १९४८ च्या उन्हाळ्यात दोन गाड्या जुंपल्या आणि लोणारच्या बाजूला आजीच्या माहेरच्या नात्यात जाऊन राहिले. ते कॅम्पात कधीच नव्हते. त्यांचे चुलतभाऊ मात्र उमरखेडला होते, बंदूक घेऊन का चिठ्ठ्या पोचवत, यावर घरात दोन पक्ष आहेत.

या चुलतआजोबांसाठी तीन शब्द वापरले गेले. मोगलाईच्या पोलिसांसाठी ते 'फरारी'. वऱ्हाडातल्या लोकांसाठी 'निर्वासित', ज्यांना भाकरी द्यायची. आणि पुढे कॅम्पातल्यांना शासनाने मान दिला तेव्हा 'स्वातंत्र्यसैनिक'. माणूस तोच, धोतरही बहुधा तेच. पैनगंगेच्या या काठावर एक शब्द, त्या काठावर दुसरा आणि काळ बदलल्यावर तिसरा. आणि आमच्या आजोबांसाठी? त्यांच्यासाठी एकही नाही. ते पाहुण्यांकडे राहिले. पाहुण्याकडे राहणाऱ्याला कोण निर्वासित म्हणतं? पण गाव तर दोघांनीही एकाच भीतीने सोडलं होतं.

भाचीला 'रेफ्युजी' शब्दाचं फार आकर्षण होतं. हा शब्द फ्रेंचमधून आला. १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंटांचे हक्क काढून घेतले, ते पळून इंग्लंडला गेले, त्यांच्यासाठी तो इंग्रजीत रुळला. आज त्याची कायदेशीर व्याख्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात आहे: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यामुळे छळ होईल अशी सकारण भीती असलेला आणि त्यामुळे स्वतःच्या देशाबाहेर असलेला. भारताने या करारावर सही केलेली नाही. पण मुद्दा 'देशाबाहेर' या अटीचा आहे. भीती तेवढीच असली तरी सीमा ओलांडली नसेल तर तो रेफ्युजी नाही. त्याच्यासाठी 'देशांतर्गत विस्थापित' असा लांबलचक शब्द आहे, आणि त्यासाठीची आंतरराष्ट्रीय तत्त्वं तर १९९८ मध्ये आली.

मग आजोबांनी जिंतूरहून लोणारला जाताना जी ओलांडली ती सीमा होती का? निजाम सरकार म्हणत होतं, हो. त्यांनी ऑगस्ट १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध तक्रारही नेली होती. भारत सरकार म्हणत होतं, नाही, हा आमचा घरचा मामला. १३ सप्टेंबरला फौजा आत शिरल्या, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला आणि प्रश्नच मिटला. आपण हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. आजोबा दिवाळीच्या सुमाराला परत आले.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पुढची तितकी नाही.

आत्या तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. भाचीच्या टिपणासाठी मी तिला फोन केला, तेव्हा तिने किल्लीची गोष्ट सांगितली. गाव सोडताना आजीने घराला कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्या अत्तारांच्या घरी दिली. अत्तार म्हणजे हळदकुंकू, सुपारी, काचेच्या बांगड्या विकणारं मुसलमान कुटुंब. आजीचं त्या बाईशी चांगलं होतं. "आल्यावर घेते" म्हणाली. रझाकारांच्या भीतीने पळताना घराची किल्ली मुसलमान शेजारणीकडे! दिवाळीला परत आले तेव्हा अत्तारांचं घर बंद होतं. किल्ली मिळाली गुरवाच्या घरी. अत्तारांची बाई जाताना गुरविणीकडे देऊन गेली होती, "जिंतूरच्या बाजारातून येईन तोवर ठेव" असं काहीतरी म्हणाली. घरात सगळं जागच्या जागी होतं. आत्या म्हणते, जात्याच्या पाळूतलं पीठसुद्धा होतं, फक्त त्यात जाळी झाली होती.

"आणि अत्तार?" मी विचारलं.

"ते गेले निघून. हैद्राबादला."

मग मी आमच्या घरातली भाषा आठवून पाहिली. आजी, आजोबा, वडील, काका. सगळे आपल्याबद्दल बोलताना म्हणायचे, "आम्हाला गाव सोडावं लागलं", "आम्हाला जावं लागलं". अत्तारांबद्दल बोलताना, "ते गेले निघून". मराठीत एवढी सोय आहे. इंग्रजीला मायग्रंट आणि रेफ्युजी असे दोन वेगळे शब्द लागतात. आपलं काम क्रियापदावर भागतं. 'जावं लागलं' म्हटलं की मागे कुणाचा तरी जोर आला. 'निघून गेले' म्हटलं की त्यांचं त्यांनी ठरवलं, कुणाला न सांगता, जरा रागानेच.

आता सप्टेंबर १९४८ नंतर काय घडलं ते आपल्याला माहीत नाही असं नाही. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित नेहरूंनी नेमलेली पंडित सुंदरलाल यांची समिती त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानात फिरली. तिचा अंदाज होता की २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत सगळ्यात जास्त. हा अहवाल कित्येक दशकं बंद राहिला, २०१३ च्या सुमाराला लोकांना वाचायला मिळाला. खेड्यांतली शेकडो कुटुंबं हैदराबाद शहराकडे गेली, कारण तिथे संख्येचा आधार होता. परभणीहून काचीगुड्याची गाडी सरळ होती.

या लोकांना काय म्हणायचं? रेफ्युजी नाही, कारण १७ सप्टेंबरनंतर मध्ये सीमाच उरली नव्हती. फाळणीत पाकिस्तानात गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या घरादारांना कायद्याने 'निष्क्रांत मालमत्ता' म्हटलं, १९५० मध्ये त्यासाठी कायदा झाला. पण हे हैदराबादला गेले, पाकिस्तानला नाही, म्हणजे निष्क्रांतही नाहीत. निर्वासितांच्या कॅम्पात नाव नाही, म्हणजे निर्वासित नाहीत. आजोबांसारखेच, कोणत्याच रकान्यात न बसणारे. फरक एकच. आजोबांना सहा महिन्यांनी परत यायला घर होतं आणि कुणीतरी किल्ली सांभाळली होती. अत्तारांची किल्ली कुणाकडे होती, हे आपल्या घरात कुणी कधी सांगितलं नाही.

भाचीला मी एवढं कळवलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, मग शब्दाने काय फरक पडतो? झालं ते झालं." फरक पडतो. पुढची उदाहरणं याच जिल्ह्यातली.

पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरीचं धरण झालं, १९६० च्या दशकात. पाण्याखाली गेलेल्या जमिनींचे मालक 'धरणग्रस्त' झाले. हा शब्द चांगला भक्कम आहे, त्याला पुढे कायद्याचा आधार मिळाला, दाखला मिळतो, त्या दाखल्यावर काही हक्क मागता येतात. पण १९७२ च्या दुष्काळात जे गाव सोडून गेले त्यांना तसा शब्द नव्हता. त्यांच्याबद्दल आपल्याकडे म्हणतात, "जगायला गेले." पाण्याने घर गेलं तर दाखला, पाण्यावाचून गेलं तर नाही.

आणि ऊसतोडीला जाणारे. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागातून दसऱ्यानंतर टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडाला परत. या लोकांसाठी इंग्रजी 'मायग्रंट' हा नेमका शब्द आहे, कारण तो एमिग्रंट-इमिग्रंटसारखा कायमचा नाही. पक्ष्यांसाठीही तोच वापरतात, जाऊन येणाऱ्या. पण इथेही रेघ आडवी येतेच. मुकादमाने परभणीची टोळी सांगलीच्या कारखान्यावर नेली तर एक, आणि तिथून थोडं पुढे कर्नाटकात नेली तर दुसरं. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा दुसऱ्या राज्यात नेलेल्यांपुरता होता. ऊस तोच, कोयता तोच, पाठीवरची मोळीही तेवढीच जड. पैनगंगेची आठवण येते की नाही?

गावात हंगामी वसतिगृह चालतं, आईबाप ऊसतोडीला गेले की मुलांनी मागे राहून शाळा करावी म्हणून. त्या यादीत नाव यायला आईबाप कागदावर 'स्थलांतरित' असावे लागतात. कधीकधी आईबापांनाच तो शब्द पटत नाही. एका बाईने मला चांगलंच सुनावलं होतं, "आमी कुटं स्थलांतरित? आमचं गाव हाय की. आमी कारखान्याला जातो." तिचं बरोबर होतं. निजामाच्या नियमाप्रमाणेही तिचंच बरोबर, तिने परत यायचा विचार कधी सोडलाच नव्हता.

मे २०२० मध्ये हा 'स्थलांतरित' शब्द एकदम सगळ्यांच्या तोंडी आला. ८ मे ला पहाटे करमाडजवळ मध्य प्रदेशचे १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या कारखान्यातून घरी निघाले होते, रुळांवरून चालत, थकून तिथेच झोपले. आपण परभणीहून औरंगाबाद-मनमाडला जातो तीच लाईन. त्याआधी अशा माणसांना आपल्याकडे 'परप्रांतीय' म्हणायची पद्धत होती. त्या आठवड्यात पेपरांनी 'स्थलांतरित मजूर' छापलं. मला तेव्हा बरं वाटलं आणि वाईटही. शब्द बदलायला १६ भाकरीची गाठोडी रुळांवर विखुरली जावी लागली.

जाता जाता एक, घरातल्या बायकांसाठी. जनगणनेत स्थलांतरित कोण, तर जो आधी दुसरीकडे राहत होता तो. त्या हिशेबाने २०११ मध्ये देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित होते आणि सगळ्यात मोठं कारण होतं लग्न. म्हणजे आपली आजी, आई, आत्या, वहिनी, सगळ्या स्थलांतरित! मराठीत याला स्थलांतर म्हणत नाहीत, 'सासरी जाणं' म्हणतात. तिथे 'जावं लागलं' म्हणायची सोय नाही, आणि 'निघून गेली' म्हटलं तर अर्थाचा अनर्थ. आजी १९४८ मध्ये लोणारला पोचली तेव्हा घरातले बाकीचे सगळे परमुलखात होते आणि ती एकटी माहेरी आली होती. आत्या म्हणते, ते सहा महिने आई फार खूष होती. हे मी आजवर कुठल्याही मुक्तिसंग्रामाच्या भाषणात ऐकलेलं नाही :-)

असो. भाचीला मी शेवटी 'डिस्प्लेस्ड' लिहायला सांगितलं आणि खाली दोन ओळींत कारण द्यायला सांगितलं. त्याच दोन ओळींत अत्तारांनाही तोच शब्द लावायला सांगितला. तिने लावला.

आता तुमच्यासाठी दोन कामं. चुलतआजोबांच्या कॅम्पातले कागद कुणाच्या ट्रंकेत असतील तर त्यांचे फोटो मला पाठवा. आणि आत्याकडे जाल तेव्हा तिला किल्लीची गोष्ट सांगायला लावा, ती अजून नीट सांगते. मुलं ऐकायला बसलेली असतील आणि ती "ते गेले निघून" म्हणाली, तर तिला थांबवू नका, तिचं वय झालंय. नंतर मुलांना आपण सांगायचं, की अत्तारांनाही जावं लागलं.